५४ ची सायकल माझ्या मापाला आणताना

माझी उंची १६० सेंटीमीटर, म्हणजे पाच फूट तीन इंच. आणि जी रोड बाईक मला मिळाली ती पाच फूट नऊ इंचाच्या माणसासाठी घेतलेली, ५४ साईझची (हा आकडा फ्रेमच्या, म्हणजे सायकलच्या सांगाड्याच्या, मापाचा, सेंटीमीटरमधे). मामेभावाची, म्हणजे आमच्या दादाची. २०१५ ला नाशिकच्या डॉक्टर महाजन बंधूंनी रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिका आरपार करायची सायकल शर्यत टीम म्हणून पूर्ण केली, त्यानंतर आमच्या गावात सायकलचं जे वारं आलं त्यात दादानं ती घेतली होती. तीन-चार वर्षं मनापासून चालवली, मग नोकरीसाठी कॅनडाला गेला आणि सायकल मामाच्या गॅलरीत जुन्या बेडशीटखाली उभी राहिली. मागच्या वर्षी मामी म्हणाली, घेऊन जा गं, नुसती गंजण्यापेक्षा तू तरी चालव. दादाला फोन केला तर तो म्हणे बिनधास्त ने, पण तुला मोठी होईल.

मोठी म्हणजे नेमकी कुठं आणि किती, हे तेव्हा आम्हा दोघांनाही धड माहीत नव्हतं.

"विकून टाक आणि लहान साईझची घे" असं मला निदान पाच जणांनी सांगितलं आणि तो सल्ला बरोबरच आहे, मी आजही कुणी विचारलं तर आधी तोच देईन. पण एकतर ती सायकल विकायला माझी नव्हती, दुसरं म्हणजे सेकंडहँडमध्ये ४८, ४९, ५० साईझच्या रोड बाईक मी तीन महिने शोधल्या, मला दिसल्या त्या जवळपास सगळ्या ५४ नाहीतर ५६, आणि नवीन घ्यायला पैसे नव्हते. म्हणून ठरवलं की हिला जेवढं आपल्या मापाला आणता येईल तेवढं आणून बघू. त्याला सात महिने लागले. दोनदा चुकीच्या दिशेनं गेले. शोधायला लागले तेव्हा मला हे सगळं एका जागी मराठीत कुठंच सापडलं नाही म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

पहिल्या दिवशी त्र्यंबक रोडनं महिरावणीपर्यंत गेले आणि परत आले, सगळं मिळून वीसेक किलोमीटर असेल. हुडवर, म्हणजे ब्रेकचं ते रबरी डोकं असतं त्यावर हात ठेवले की कोपरं एकदम सरळ, काठीसारखी ताठ. ब्रेकला फक्त बोटांची टोकं पोचत होती. दर दोन मिनिटांनी मी नकळत सीटच्या टोकाकडं सरकत होते आणि सीटचं टोक बसायला नसतंच, तिथं जे टोचायचं ते टोचत होतं, बायकांना मी काय म्हणतेय ते कळेल. सातपूरला परत येईपर्यंत दोन्ही हातांची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर. संध्याकाळी मान वळेना. पण तरीही, उतारावर ती सायकल ज्या शांतपणे पळाली ना, ते मी आधी कधीच अनुभवलं नव्हतं, घरच्या साध्या सायकलीवर तो वेग आणि तो आवाज नाहीच. म्हणूनच सोडवेना.

दुसऱ्या दिवशी एका सायकलच्या दुकानात घेऊन गेले. त्यांनी मला बसायला सांगितलं, बघितलं, म्हणाले हात पोचत नाहीयेत, आणि सीटखालचा बोल्ट ढिला करून सीट पुढं ओढली, अगदी शेवटपर्यंत, सळयांवर ज्या खुणा असतात त्याच्याही जरा पुढं. मग सीटचं टोक खाली झुकवलं. "आता बसा." बसले तर खरंच हँडल जवळ आल्यासारखं वाटलं! सीट अजून थोडी खाली घ्या म्हटलं तर म्हणाले एवढीच येते, याच्या खाली जात नाही. मी खूश होऊन घरी आले.

दोन राईड बऱ्या गेल्या. तिसऱ्यानंतर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला, वाटीखाली, दुखायला लागलं आणि मग आठवडाभर ऑफिसचे जिने उतरताना कठडा धरावा लागत होता. शिवाय सीटचं टोक खाली असल्यामुळं मी सतत पुढं घसरायचे आणि सगळं वजन हातावर, म्हणजे बोटं बधिर व्हायचं थांबलंच नाही, उलट तळवेही दुखायला लागले. ज्यांनी केलं त्यांनी वाईट हेतूनं केलं नव्हतं, पाच मिनिटांत गिऱ्हाईकाला बरं वाटेल असं काहीतरी केलं. पण ते चुकीचं होतं, आणि का चुकीचं होतं हे मला अण्णांमुळं कळलं.

अण्णा म्हणजे माझे वडील, टेलर आहेत. पस्तीस वर्षं दुकान आहे. मी गुडघ्याला शेकत बसले होते आणि ते समोर एक शर्ट आल्टर करत होते, तर मला म्हणाले, "बाळा, मोठ्या मापाचा शर्ट आला की आधी काय बघतो आम्ही, खांदा. बाही कापता येते, बाजूनं आत घेता येतं, लांबी कमी करता येते. खांदा उतरत असला तर मग सगळा उसवायला लागतो, नाहीतर नको म्हणून सांगायचं. तुझ्या सायकलीचा खांदा कुठला ते आधी शोध, आणि माप न घेता कातरी लावू नको."

मग त्या रात्री आम्ही खरोखर माप घेतलं, दोघांचं, म्हणजे माझं आणि सायकलीचं. त्यांच्या मापाच्या वहीत दोन पानं केली. पहिल्या पानावर सायकल जशी दादाकडून आली तशी तिची सगळी मापं (सीट आणि पोस्ट, म्हणजे सीटखालचा उभा दांडा, कुठं होती त्याच्या खुणा दादाच्या टेपच्या पट्टीनं तशाच राहिल्या होत्या, नशीब), दुसऱ्या पानावर माझी. हे मी सगळ्यांना सांगेन, काहीही ढिलं करायच्या आधी आहे ते लिहून ठेवा आणि पोस्टवर टेप लावून खूण करा.

माझं मुख्य माप म्हणजे जांघेपासून टाचेपर्यंतची उंची. अनवाणी भिंतीला टेकून उभं राहायचं, एक जाड पुस्तक दोन पायांच्या मधे सीटसारखं घट्ट वर दाबून धरायचं, पुस्तकाची वरची कड भिंतीवर पेन्सिलीनं मारायची आणि जमिनीपासून मोजायचं. तीनदा घेतलं, ७४ सेंमी आलं. याला ०.६७ नं गुणलं की रोड बाईकच्या फ्रेमचा ढोबळ अंदाज मिळतो, माझा आला ४९.६. म्हणजे मला लागायची ४९-५० ची आणि होती ५४ ची. आणि ७४ ला ०.८८३ नं गुणलं की सीटची उंची, पेडलचा दांडा जिथं फिरतो त्या आसाच्या मध्यापासून सीटच्या वरच्या भागापर्यंत. हा हिशोब ग्रेग लेमॉन्डच्या नावानं ओळखला जातो, १९८६, १९८९ आणि १९९० ची टूर द फ्रान्स जिंकलेला अमेरिकन. माझी उंची आली ६५.३. दुकानातून आणलेली सीट होती ६७.५ वर. दोन सेंटीमीटरहून जास्त उंच! म्हणजे पेडल खाली गेलं की पोचायला माझी कंबर डावी-उजवी हलत होती आणि ते मला कळतही नव्हतं, अण्णांनी मागून बघितल्यावर सांगितलं.

आणि मग त्या फ्रेमचा खांदा. सीटच्या नळीपासून हँडलच्या नळीपर्यंतची आडवी लांबी, ती ५४.५ सेंमी. माझ्या मापाच्या सायकलींना ती साधारण ५१.५ ते ५२ असते. ही नळी वेल्ड केलेली, ती ना कापता येत ना सरकवता येत. पण अडीच-तीन सेंमीच जास्त होती, दहा नाही. म्हणून अण्णा म्हणाले प्रयत्न करण्यासारखा आहे. ही नळी पाच-सहा सेंमी जास्त असती तर मी तिथंच थांबले असते.

यातून माझ्या डोक्यात जी गोष्ट पक्की बसली ती ही की सीट पायांसाठी असते आणि हँडल हातांसाठी. हात पोचत नाहीत म्हणून सीट हलवायची नाही. सीटची जागा पाय आणि गुडघा ठरवणार, ती एकदा ठरली की तिला हात लावायचा नाही, मग उरलेलं जे काय लांब आहे ते पुढून कमी करायचं. दुकानात नेमकं उलटं झालं होतं.

तर आधी सीट खाली घ्यायची होती आणि ती खाली जात नव्हती. जुन्या नाशकात एक वयस्क मेकॅनिक आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात, त्यांच्याकडं नेली. त्यांनी पोस्ट पूर्ण बाहेर काढला, आत टॉर्च मारली आणि मला दाखवलं. बाटलीच्या स्टँडचे जे दोन स्क्रू सीटच्या नळीला असतात ना, त्यांचे आटे नळीच्या आत थोडे बाहेर आलेले असतात, पोस्टचं खालचं तोंड त्यावर जाऊन टेकत होतं. ३५ सेंमीचा पोस्ट, दादाला तो भरपूर वर काढलेला म्हणून त्याला कधी अडला नाही. चाचा म्हणाले कापून टाकू. मी म्हटलं हा नको, हा दादाचा आहे. मग त्याच जाडीचा, २७.२ मिलिमीटरचा, एक साधा ॲल्युमिनियमचा पोस्ट घेतला आणि तो कापला. चाचांनी आधी पोस्टभोवती कागदाची पट्टी गुंडाळली, तिची कड जुळवली म्हणजे रेष सरळ येते, त्या कडेनं हॅक्सॉ ब्लेड हळूहळू फिरवत कापलं, चार सेंमीचा तुकडा टपकन खाली पडला. मग कानशीनं आतून-बाहेरून धार घासली, अंगठा फिरवून बघितला, माझाही अंगठा फिरवायला लावला. थोडं ग्रीस लावून पोस्ट आत सोडला तर ६५.५ वर आरामात आला. पोस्ट कापला की त्यावरची कमीत कमी किती आत हवा ही खूण निकामी होते हे लक्षात ठेवायला पाहिजे, पण माझा वीस सेंमीहून जास्त आत आहे त्यामुळं तो प्रश्न नाही. कार्बनचा पोस्ट असेल तर मात्र हे असं कुणालाही करायला देऊ नका.

उंची झाल्यावर मागे-पुढे. त्यासाठी ओळंबा लागतो. शेजारी बांधकाम चालू होतं तिथल्या गवंड्याकडून अण्णांनी मागून आणला. सायकल भिंतीला लावून, जमीन लेव्हल आहे का ते पाण्याच्या बाटलीनं बघून, मी वर बसले, पेडल उलटे फिरवत कंबर सीटवर जिथं आपोआप बसते तिथं बसू दिली, मग दोन्ही पेडल एका रेषेत आडवे केले. अण्णांनी पुढच्या पायाच्या गुडघ्याच्या वाटीखाली जे हाड लागतं तिथं दोरा धरला आणि ओळंबा सोडला. तो पेडलच्या आसाच्या जवळून जायला पाहिजे. माझा चक्क अडीच सेंमी पुढं लोंबत होता! अण्णा खाली वाकून बघत होते, म्हणाले, "म्हणून दुखतोय गुडघा." हा नियम काही वेदवाक्य नाही, त्याला विरोध करणारेही भरपूर आहेत आणि त्यांचं म्हणणं पटण्यासारखं आहे, पण जिथून सुरुवात करायची ती जागा म्हणून मला तो फार उपयोगी पडला. सीट दीड सेंमी मागे घेतली, टोक वर करून स्पिरिट लेव्हलनं सपाट केलं. मागे घेतली की पेडलपर्यंतचं अंतर थोडं वाढतं म्हणून उंची अगदी चार-पाच मिलिमीटर खाली, मग दोन राईडनंतर परत दोन मिलिमीटर वर.

तीन आठवड्यांत गुडघा दुखायचा बंद झाला. पूर्ण बंद. पण हँडल आता दीड सेंमी अजून लांब गेलं होतं ना, त्यामुळं मान आणि बोटांची हालत आधीपेक्षा वाईट. ते तीन आठवडे मी फक्त दहा-बारा किलोमीटर जायचे आणि हँडलच्या वरच्या सरळ दांड्यावर हात ठेवून चालवायचे, ब्रेक तिथून लागत नाहीत म्हणून रहदारीच्या आधी उतरायचे.

मग स्टेम. हँडल आणि सायकल जोडणारा तो छोटा भाग. दादाचा होता ११० मिलिमीटरचा. मी अधाशीपणानं एकदम ६० चा मागवला. पकडीचा व्यास बघून घ्या, माझं हँडल ३१.८ मिलिमीटरचं होतं, जुन्या सायकलींना वेगळा असू शकतो.

बदलायचं काम घरी केलं आणि पहिल्यांदा चुकीचं केलं. स्टेमला मागच्या बाजूनं दोन बोल्ट असतात जे नळीला आवळतात, आणि वर एक टोपी असते तिच्यात एक बोल्ट. मला वाटलं वरची टोपी म्हणजे सगळं धरून ठेवणारा मुख्य बोल्ट. म्हणून आधी मागचे दोन कच्चून आवळले आणि मग टोपी. रस्त्यावर खड्डा आला की हँडलमधून टक् टक्. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढं-मागं हलवली तर फ्रेम आणि फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, यांच्या सांध्यावर बोटाला सरळ हालचाल जाणवत होती. फोन करून चाचांना विचारलं तर म्हणाले, "टोपी फक्त आतलं बेअरिंग दाबते, धरून ठेवतात ते बाजूचे दोन." म्हणजे आधी बाजूचे दोन्ही ढिले, मग टोपी हळू आवळायची, इतकीच की हलणं थांबेल पण हँडल सहज वळेल, मग हँडल चाकाशी सरळ करून बाजूचे दोन आलटून पालटून थोडे थोडे आवळायचे. माझ्या स्टेमवर ५ न्यूटन मीटर लिहिलेलं होतं, चाचांकडचा टॉर्कचा पाना लावून बघितला तर ५ म्हणजे मला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी कमी जोर. हाताच्या अंदाजानं मी जवळजवळ दुप्पट आवळत होते, आणि आतली नळी कार्बनची असते पुष्कळदा, ती अशानं चिरडू शकते. पुढच्या चार बोल्टच्या प्लेटमधली फट वर आणि खाली सारखी राहिली पाहिजे हेही त्यांनीच सांगितलं. आणि एक, हे काम करताना पुढचं चाक जमिनीवर टेकलेलं असू द्या, सायकल टांगलेली असेल तर स्टेम काढल्यावर फोर्क चाकासकट खाली येतो.

६० च्या स्टेमनं हात पोचले, एकदम छान पोचले. पण सायकल बिचकायला लागली. एक हात सोडून बाटली काढायला गेले की हँडल लचकायचं, अंजनेरीच्या पुढं उतारावर वाऱ्याचा झोत आला की जीव मुठीत. आधी तिचा जो शांतपणा मला आवडला होता तोच गेला होता. इतका आखूड स्टेम लावला की हँडल जरासं हललं तरी चाक पटकन वळतं आणि पुढच्या चाकावरचं वजनही कमी होतं. महिनाभर सवय होईल म्हणून वाट बघितली, नाही झाली. मग ८० चा लावला, तोंड वरच्या बाजूला येईल असा उलटा करून, आणि दादानं खाली ठेवलेल्या चकत्या सगळ्या स्टेमच्याच खाली राहू दिल्या. हँडल वर आलं की ते थोडं जवळही येतं, कारण पुढची नळी मागे कललेली असते, दहा मिलिमीटर वर म्हणजे साधारण तीन मिलिमीटर जवळ. मोठ्या फ्रेममधे हँडल मुळात उंचच असतं म्हणून यातून फार काही मिळत नाही, पण मला एकेक मिलिमीटर हवा होता.

८० नं तीन सेंमी कमी झाले. अजून थोडं लागत होतं, ते हँडलमधून काढलं. दादाचं हँडल ४२ सेंमी रुंद. अण्णांनी माझा खांदा मोजला, साडेचौदा इंच, म्हणजे ३७ सेंमीच्या आसपास. ४२ वर माझे हात बाहेर फाकलेले होते आणि हात फाकले की पोच कमी होते, करून बघा उभ्या उभ्या. मग ३८ चं घेतलं, आणि त्यात असं बघून घेतलं की त्याचं वळण पुढं कमी जातं, ७० मिलिमीटर, आधीचं ८० होतं. यासाठी हँडलची टेप उसवायला लागली, दोन्ही शिफ्टर (ब्रेक आणि गिअरच्या लिव्हर) काढून नव्यावर चढवले, केबल तशाच चालल्या, आणि टेप परत गुंडाळायला मला पूर्ण रविवार लागला. तीनदा उलगडली. खालच्या टोकापासून सुरू करून प्रत्येक वेढा आधीच्यावर एक तृतीयांश चढवत, सारखा ताण ठेवत वर यायचं, हुडपाशी फट राहते तिथं आधीच एक छोटा तुकडा लावून ठेवायचा. शेवटची तिरकी कापणी अण्णांनी त्यांच्या कातरीनं केली, ती आजही त्या सायकलवरची सगळ्यात सुबक गोष्ट आहे.

सगळ्यात मोठा फरक कशानं पडला माहितीये, एका फुकटच्या गोष्टीनं. ब्रेकच्या लिव्हरमधे एक बारीक स्क्रू लपलेला असतो, सगळ्या मॉडेलला नसतो पण माझ्या शिफ्टरला होता, तो फिरवला की लिव्हर हँडलच्या जवळ येते. लहान हातांसाठीच दिलेला असतो. माझी बोटं लिव्हरवर पहिल्या सांध्यापर्यंत पोचायची, आता दुसऱ्यापर्यंत बसतात. लिव्हर जवळ आणली की ब्रेक लागण्याआधी ती हँडलला टेकायला लागते म्हणून केबल थोडी ओढून ब्रेक परत सेट करायलाच पाहिजे, हे विसरू नका, जिवाशी खेळ आहे. पण हे पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं तर! ज्यांचे हात लहान आहेत त्यांनी दुसरं काही नाही तरी एवढं नक्की करा.

क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, सगळ्यात शेवटी बदलली, १७२.५ मिलिमीटरची काढून सेकंडहँड १६५ ची मिळाली ती. पेडलचं वर्तुळ लहान झालं, वर येताना गुडघा पोटाकडं कमी येतो, सीट ६६ च्या थोडी वर गेली. छान वाटलं, पण ती आधी केली असती तर सीटची मापं दोनदा करावी लागली नसती.

या सगळ्यात मी एक शिस्त पाळली, एका वेळी एकच बदल, आणि मग तोच रस्ता, सातपूर ते महिरावणी आणि परत, किमान दोनदा. खिशात ४ आणि ५ नंबरची ॲलन की. घरी आल्यावर वहीत लिहायचं, काय हलवलं, किती, आणि कुठं दुखलं. हँडल बरोबर आहे का बघायला मी एक करून बघते, सपाट रस्त्यावर, मोकळ्या जागी, हुडवरून दोन्ही तळवे क्षणभर अगदी केसभर उचलायचे. अंग पुढं कोसळत असेल तर अजून काहीतरी चुकतंय. सुरुवातीला मी सरळ कोसळायचे. आता नाही कोसळत.

पण जे झालं नाही तेही सांगायला पाहिजे. ४९-५० च्या सायकलला कंपनीच ८०-९० चा स्टेम लावून देते, म्हणजे एवढं करूनही माझी सायकल माझ्या मापापेक्षा दीड-दोन सेंमी लांबच आहे. पन्नास-साठ किलोमीटरपर्यंत काही जाणवत नाही, त्र्यंबकला जाऊन-येऊन तर मी ताजी असते. शंभरच्या पुढं मान बोलायला लागते. ब्रेव्हे म्हणजे ठराविक वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राईड, २०० किलोमीटरची साडेतेरा तासात करायची असते, ती या सायकलीवर करायची की नाही हे मी अजून ठरवलेलं नाही.

आणि मधली नळी. सीटवरून उतरून दोन्ही पाय जमिनीवर ठेवून उभं राहिलं की ती नळी अंगाला लागते, बुटात असताना जेमतेम, चवड्यांवर उभं राहिलं तर बोटभर सुटते. याला काहीही उपाय नाही, खांदा आहे तो. सातपूरच्या सिग्नलला एकदा मागून रिक्षा अंगावर आली म्हणून मी घाईत सरळ खाली उतरले आणि जे लागलं त्यानंतर दोन दिवस बसता येत नव्हतं. तेव्हापासून सिग्नल दिसला की आधीच डावीकडं येते, सीटवरून पुढं उतरतानाच सायकल डावीकडं तिरकी करते, एकच पाय खाली, जमलं तर फूटपाथच्या कडेवर. आता सवय झालीये पण लहान मुलीला किंवा नुकत्याच शिकणाऱ्या कुणाला मी अशी सायकल कधीच देणार नाही, अर्धा सेंमीसुद्धा मोठी नको.

दादा डिसेंबरमधे आला होता. मी सायकल पुसून ठेवली, त्याची सगळी मूळ मापं वहीच्या पहिल्या पानावर होतीच, त्याचा पोस्ट, ११० चा स्टेम, ४२ चं हँडल, क्रँक सगळं अण्णांच्या दुकानात खालच्या खणात अस्तराच्या कापडात गुंडाळून ठेवलेलं, वर अण्णांच्या अक्षरात चिठ्ठी. मी म्हटलं दोन-तीन तास दे, तुझ्यासारखी करून देते, त्र्यंबकला जाऊन ये. त्यानं वहीची दोन्ही पानं शेजारी शेजारी धरून बराच वेळ बघितली, मग माझ्या मापावरच बसून गल्लीतून एक चक्कर मारली, गुडघे कोपरांना लागत होते. उतरल्यावर म्हणाला, "खोलू नको. मी बाबांची स्कूटर घेऊन मागून येतो, तू चालव." दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला निघालो, महिरावणीच्या पुढं धुकं होतं, आणि तो पूर्ण रस्ता मागून ओरडत होता, "कंबर हलत नाहीये गं तुझी, अजिबात हलत नाहीये!"